नरहरीभाऊंचा फिका चहा आणि प्रेमलाताईंचं ‘काहून’

रायपूरच्या आमच्या समता कॉलोनीत सध्या अशी बातमी आहे की प्रेमलाताई डोरल्यांनी भर कोर्टात, जजसाहेबांच्या डोळ्यांदेखत, विमा कंपनीच्या वकिलाच्या तोंडावर तिळगुळाचा लाडू फेकून मारला. आमच्या भाजीवाल्याच्या सांगण्यात हा लाडू लिंबाएवढा होता. बातमी गोल बाजारात पोचेपर्यंत त्याचा नारळ झाला आणि वकिलाचे पुढचे दोन दात पडले. परवा एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “जमानत झाली का हो त्यांची?”

मी डोरल्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, तेव्हा खरं सांगणं मला भाग आहे, त्याने बातमीची चव गेली तरी. प्रेमलाताई कोर्टात गेल्याच नव्हत्या. त्या आपल्याच बैठकीत, आपल्याच सोफ्यावर बसल्या होत्या आणि वकील होता लॅपटॉपच्या पडद्यात. आता सुनावण्या अशाच होतात. लाडू फेकला असता तर सुनेचा लॅपटॉप फुटला असता, वकिलाच्या केसालाही धक्का लागला नसता. लाडू होता, हे मात्र खरं. तो फेकला नाही, खाल्ला. तोही प्रेमलाताईंनी नाही, त्यांच्या यजमानांनी, नरहरीभाऊंनी. आणि ही सगळी न्यायाची गंगा माझ्या वाय-फायवरून वाहिली, कारण डोरल्यांचं नेट त्या दिवशी बंद होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

प्रेमलाताई मूळच्या तुमसरच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या त्याला जमाना झाला, पण त्यांचं ‘काहून’, म्हणजे ‘का म्हणून’, काही गेलं नाही. गोल बाजारातला भांडेवाला त्यांना लांबून पाहिलं की आधीच वाजवी भाव सांगून टाकतो. एकदा सत्यनारायणाच्या कथेत त्यांनी भटजींना मध्येच अडवलं होतं. “कलावतीनं प्रसाद टाकला, ठीक आहे. मग नाव काहून बुडवली? नावाड्याचा काय गुन्हा?” भटजींनी शंख फुंकून पुढचा अध्याय गाठला. त्यांची नणंद गोदूताई सांगतात की नवी नवरी होती तेव्हा ही पोट्टी इतकी चूप राहायची की ‘मुकी सून दिली काय?’ म्हणून सासूने तुमसरला निरोप धाडला होता. गोदूताईंचं आता वय झालंय. मी मान हलवतो आणि विषय बदलतो.

नरहरीभाऊ अगदी उलटे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून हिरवी झेंडी दाखवली, त्यामुळे बोलायची सवयच मोडली असावी. पण जे बोलतील ते खरं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मनहरणची चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर भाऊ रोज सकाळी बसत. कोणाची गाडी कोणाच्या फाटकासमोर लागली, कोणाच्या आंब्याची फांदी कोणाकडे गेली, सगळे तंटे त्या बाकावर सुटत. दोन्हीकडचं ऐकून भाऊ एक वाक्य बोलत आणि मनहरण आपल्या छत्तीसगढीत मोहर मारी, “नरहरी भैया बोल दिस, त हव.” भैया बोलले, मग हो म्हणजे हो. झालं. वर अपील नाही.

आणि भाऊंचा चहा फिका. गेली कित्येक वर्षं. पेढा पुढे केला की हात जोडून म्हणणार, “मले चालत नाही.” एवढंच. आता सांगा, पन्नाशी ओलांडलेला माणूस फिका चहा पितो, जिलेबीला हात लावत नाही, आणि विचारलं तर ‘चालत नाही’ म्हणतो. गल्लीने काय समजावं? गल्लीने निदानही केलं आणि उपचारही सुरू केला. कोणी कारल्याचा रस आणून दिला, कोणी जांभळाच्या बियांची पूड. आमच्या घरून मेथीदाणे गेले. भाऊंनी सगळं मुकाट्याने घेतलं. कारल्याचा रस तर समोर उभं राहून पाजला गेला, तोही प्यायले. इतका भिडस्त माणूस.

मग मागच्या वर्षी एका सकाळी टपरीच्या बाकावरच भाऊंच्या छातीत कळ आली. गल्ली अशा वेळी एकट्याला जाऊ देत नाही. मिळेल त्या वाहनाने आम्ही सगळे दवाखान्यात. प्रेमलाताईंचे धाकटे भाऊ सुधाकर आमच्याही आधी पोचले. सुधाकररावांचा स्वभाव असा, की प्रश्न अर्धा झाला की उत्तर पूर्ण. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने विचारलं, “बीपी, शुगर कुछ...” सुधाकरराव म्हणाले, “शुगर है न सर! पुराना है! चाय भी फीकी पीते हैं जीजाजी!” आम्ही सगळ्यांनी मागून माना हलवल्या. डॉक्टरने लिहून घेतलं. ताई तेव्हा आत, भाऊंचा हात धरून उभ्या.

स्टेंट बसवला, भाऊ ठणठणीत होऊन घरी आले. दवाखान्यात रोज सुई टोचून साखर तपासत, ती बिचारी रोज जागच्या जागी. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. विमा कंपनीने पाहिलं ते सुधाकररावांचं वाक्य. पत्र आलं. विमाधारकाने जुना मधुमेह लपवला, सबब दावा नामंजूर.

बिल ठेवी मोडून भरलं गेलं, त्यावर घरात फार बोलणं झालं नाही. पण ‘लपवला’ हा शब्द भाऊंनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि पत्र देवघराच्या खणात ठेवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टपरीवर जाणं सोडलं. गाड्यांचं नवं भांडण घेऊन दोघं जण दारात आले, तर त्यांना हात जोडले. “माह्या शब्दाले आता काय वजन? मी तं लपवणारा माणूस. सरकारी शिक्क्यानिशी.” शिक्का सरकारी नव्हता, कंपनीचा होता, पण भाऊंना शिक्का तो शिक्का.

बाक रिकामा पडला. मनहरण त्या जागी कोणाला बसू देईना.

प्रेमलाताईंनी पदर खोचला. आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. तिकडून मशीन बोलायचं, हिंदीत, फार गोड आवाजात. ताई मशीनला म्हणाल्या, “काहून?” मशीन म्हणालं, “माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई.” ताई म्हणाल्या, “तेच तं मी म्हणून राहिली, बाई, की तुम्हाले समजलं नाही!” हे आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई. आम्ही त्या आठवड्यात टीव्ही लावलाच नाही.

मग कंपनीने चौकशीला माणूस पाठवला. त्याने ताईंना काहीच विचारलं नाही, गल्लीला विचारलं. गल्ली खरं बोलली. हव, नरहरी भैया फीकी चाय पीते हैं. हव, मिठाई नहीं खाते. मनहरणने तर कौतुकाने सांगितलं की भैयांसाठी मी वेगळं भांडं ठेवतो. त्या दिवशी मी घरी नव्हतो, नाहीतर माझंही बयान झालं असतं, आणि सगळ्यांत लांब झालं असतं. चौकशीवाला खूश होऊन गेला. कंपनीने उरलेला दरवाजाही लावून घेतला.

त्या रात्री भिंतीपलीकडून ताईंचा आवाज आला. “सांगून टाका न खरं काय ते! एका वाक्यात सुटते.” भाऊ म्हणाले, “सांगायचं नसते ते. तुले माहीत आहे.” मी आणि माझी बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. सांगायचं नसतं असं काय असेल? बायको म्हणाली, दुसऱ्याच्या घरात लक्ष घालू नये. आणि भिंतीजवळ खुर्ची सरकवून बसली.

ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टात, तक्रार करायचं ठरलं. ती आता घरबसल्या कॉम्प्युटरवर भरता येते. हे काम सुनेकडे. सोनिया नवा रायपुरात एका ऑफिसात आहे, मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, “मम्मीजी, टेन्शन मत लो, आजकल एआय सब लिख देता है.” आणि खरंच, चहा उकळेपर्यंत तिच्या मोबाइलने अशी काही तक्रार लिहून दिली की बस. सोनियाने ती ठसक्यात वाचायला घेतली. ‘प्रार्थिनी एक असहाय विधवा है, जिसके स्वर्गवासी पति...’

“थांब!” प्रेमलाताई ओरडल्या. “जितं माणूस मारून टाकलं मेल्यानं!”

नरहरीभाऊ समोरच लसूण सोलत बसले होते. म्हणाले, “वाच, वाच. पुढं तेरवीचं काय लिहिलं पाहू दे.”

ते सगळं पुसलं. मग ताई बोलत गेल्या आणि सोनिया टाइप करत गेली. वकील लावा असं सुधाकररावांनी सुचवलं, तर ताई म्हणाल्या, “काहून? तो माह्यापेक्षा कमीच बोलन.” सुधाकरराव त्या दिवसांत बहिणीच्या नजरेला नजर देत नव्हते, त्यामुळे पुढे काही म्हणाले नाहीत. तक्रारीच्या शेवटी काय मागायचं हे मात्र ताईंनी आधीच ठरवलेलं होतं. बिलाची भरपाई तर हवीच, पण कंपनीने ‘लपवला’ हा शब्द लेखी मागे घ्यायचा.

मुख्य सुनावणी आली नेमकी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. डोरल्यांच्या बैठकीत लॅपटॉप टीपॉयवर, त्याच्यामागे सोनिया, शेजारी मी, वाय-फायचा मालक या नात्याने. पडद्यावर आयोगाच्या अध्यक्ष मॅडम, एक सदस्य, आणि कंपनीचा तरुण वकील. काळा कोट, गुळगुळीत केस, मागे कायद्याच्या पुस्तकांचं चित्र. वकील घडाघडा बोलत होता. रुग्ण जुना शुगरचा मरीज आहे, सख्ख्या मेव्हण्याने सांगितलंय, मोहल्ल्याने सांगितलंय, रिपोर्ट दाखल आहे.

“तर तपासणीत शुगर नॉर्मल कशी?” मॅडमनी हिंदीत विचारलं.

“परहेज से, मॅडम. सख्त परहेज. बरसों से मीठा छुआ तक नहीं है.”

आता घरात लॅपटॉप लावला की एक गोष्ट होते. कॅमेऱ्याला आपल्यामागचंही घर दिसतं, आणि मागच्यांना ते ठाऊक नसतं. ताईंच्या खांद्यामागे, खिडकीपाशी, नरहरीभाऊ आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात तिळगुळाचा लाडू. लाडू अर्धा झाला होता. पुढ्यातल्या ताटलीत आणखी होते.

मॅडम पडद्याकडे वाकल्या. “वो पीछे कौन हैं?”

ताईंनी वळून पाहिलं. “हे तं आमचे मिस्टर आहेत जी. नरहरी डोरले.”

“लड्डू खा रहे हैं?”

भाऊ उभे राहिले, कोर्टासमोर उभं राहतात तसे. लाडू हातातच. “हो जी. तिल का है. गुड़ वाला.”

सोनियाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस राहिला. पण वकील कच्चा नव्हता. त्याने तेवढ्यात विचारलं, “और चाय, दादाजी? चाय में शक्कर है?”

कोणत्याही शहाण्या माणसाने इथे ‘हो’ म्हटलं असतं. कप काही वकिलाला चाखता येणार नव्हता. पण हे नरहरीभाऊ. म्हणाले, “नहीं जी. फीकी है.”

“देखिए मॅडम! खुद मान रहे हैं!”

मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, गुळाचा लाडू चालतो आणि चहात साखर चालत नाही, हे काय आहे? क्यों?

म्हणजे काहून? आयुष्यभर ताईंनी जगाला विचारलेला प्रश्न जगाने आज त्यांच्याच घरात विचारला. भाऊंनी मान खाली घातली. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणून हात हलवला. ताई लॅपटॉपकडे वळल्या.

“पुण्य गेलं तं गेलं,” त्या म्हणाल्या. “नाव नाही जाऊ देत मी.” आणि त्यांनी आपल्या मराठी-हिंदीच्या खिचडीत सांगितलं. सासू-सासरे गेल्यावर दोघं पिंडदानाला गयेला गेले होते. गयेला गेलं की आपली सगळ्यात लाडकी वस्तू कायमची सोडून यायची असते. नावडता दुधीभोपळा सोडून चालत नाही, जीव लागलेली वस्तू सोडावी लागते. नरहरीभाऊ तेव्हा चहात चमचा उभा राहील इतकी साखर घालत. त्यांनी साखर सोडली. गुळाचं काय, हे त्यांनी तिथल्या पंड्याला दोन वेळा विचारून घेतलं. पंडा म्हणाला, साखर म्हणजे साखर. म्हणून गूळ चालतो. चहात गूळ घातला की दूध फाटतं, म्हणून चहा फिका. आणि सोडलेली वस्तू कोणाला सांगायची नसते. मिरवलं की पुण्य जातं. म्हणून इतकी वर्षं फक्त, ‘मले चालत नाही’.

मी तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. मला आठवत होते ते मेथीदाणे. सुधाकरराव दारात येऊन उभे होते, त्यांनी तिथेच कपाळाला हात लावला. आणि तो कारल्याचा रस!

“मॅडम, ये तो कहानी है,” वकील म्हणाला.

“ठीक है,” मॅडम म्हणाल्या. “आप हकीकत बताइए. कौन से डॉक्टर ने शुगर बताई थी? कौन सी गोली चलती थी?”

वकील कागद चाळत राहिला. मग म्हणाला, मोहल्ल्याचे लोक म्हणतात फिका चहा पितात.

“फीकी चाय कोई बीमारी नहीं है, वकील साहब.”

मी टाळी वाजवणार होतो. सोनियाने माझा हात दाबून धरला.

वकिलाकडे अजून एक हुकमी पान होतं. वरच्या कोर्टाचा एक निकाल. नातेवाइकाने दवाखान्यात सांगितलेली माहिती पुरेशी आहे, दुसरा पुरावा नको, असं त्यात म्हटल्याचं त्याच्या लेखी युक्तिवादात होतं. इतका वेळ गप्प असलेले सदस्य पहिल्यांदा बोलले. हा निकाल आम्ही शोधला, सापडला नाही. दिलेल्या पानावर कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या विम्याचं भांडण आहे. मूळ प्रत दाखल करा. वकिलाने मुदत मागितली. मिळाली.

सोनिया लॅपटॉप बंद करून म्हणाली, “मम्मीजी, पक्का एआय से लिखवाया है.”

“त्यानं तुह्या सासऱ्याले मारलं,” ताई म्हणाल्या, “आता निकाल जन्माले घालून राहिला काय?”

मधल्या दिवसांत कंपनीचा अधिकारी स्वतः घरी आला. बोलायला फार नम्र. म्हणाला, पूर्ण भरपाई देतो, लगेच देतो, तक्रार तेवढी मागे घ्या. सुधाकरराव उडालेच, “ताई, घेऊन टाक!” नोकरीसाठी पुण्यात असलेल्या मुलाचाही फोन आला, घेऊन टाक. ताईंनी अधिकाऱ्याला पोहे दिले, पाणी दिलं आणि विचारलं, “तो शब्द मागं घ्याल?”

तो म्हणाला, शब्दाचं काय घेऊन बसलात काकीजी, शब्द कागदावर पडून राहील, कोण वाचतं?

“काहून वाचत नाही? ह्यायनं वाचला न.” ताईंनी खुर्चीतल्या भाऊंकडे बोट दाखवलं. “तवापासून माणूस दारातून बाहेर नाही निघाला. तुमचा पैसा घरात येईन आणि माणूस घरातच राहीन. नाही जमत.”

पोहे संपवून अधिकारी गेला. सुधाकरराव म्हणाले, हातात आलेले पैसेही गेले. भाऊ मात्र उठले, ताईंच्या हातातून पोह्याची बशी घेतली आणि स्वतः धुवायला नेली. लग्नापासून पहिल्यांदा, असं गोदूताई म्हणतात. या बाबतीत मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

पुढच्या तारखेला तरुण वकील पडद्यावर आला तो मान खाली घालूनच. निकालाची प्रत नव्हती, कारण निकालच नव्हता. सॉफ्टवेअरने दिला, मी तपासला नाही, क्षमा असावी, असं म्हणाला. मॅडमनी त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पोरगं कोणाचं तरी आहे. ताईंनाही शेवटी त्याची दया आली. “लेका, जेवला काय?” असं त्या पडद्यालाच म्हणाल्या. आपला माइक चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पडद्यावर सगळे हसले, वकीलसुद्धा.

निकाल ताईंच्या बाजूने लागला. भरपाई व्याजासकट, आणि वर स्पष्ट लिहिलेलं की विमाधारकाने काहीही लपवलेलं नाही, कंपनीने आपला आरोप लेखी मागे घ्यावा. कंपनीने अपील केलं नाही. पत्र आलं त्या सकाळी ताईंनी भाऊंना इस्त्रीचा सदरा घालायला लावला, आणि आमची वरात टपरीकडे निघाली. पुढे ताई, हातात ते पत्र. मागे भाऊ. त्यांच्यामागे गल्ली. बँड तेवढा नव्हता, पण माझ्या शिट्टीने ती कसर भरून काढली.

टपरीवर ताईंनी पत्र मोठ्यांदा वाचलं. ‘आरोप मागे घेतो’ हे वाक्य मनहरणने पुन्हा वाचायला लावलं. मग त्याने खांद्यावरच्या गमछ्याने बाक पुसला. “बइठव भैया.” भाऊ बसले. बसल्या बसल्या गाड्यांच्या भांडणातले दोघे पुढे सरसावले. भाऊंनी ऐकून घेतलं, एक वाक्य बोलले. मनहरण आनंदाने जवळजवळ ओरडलाच, “नरहरी भैया बोल दिस, त हव!”

त्याने भाऊंपुढे कप ठेवला. फिका. पुण्य गेलं असलं तरी सोडलेलं सोडलेलंच, भाऊंनी आधीच बजावलं होतं. सोबत बशीत गुळाचा खडा. गल्लीला आपला गुन्हा कळला होता, गल्लीने दंड भरला.

माझी जीभ मात्र वळवळत होती. एवढं सगळं फुटलं, तर एक गोष्ट तेवढी झाकलेली का राहावी? सगळ्यांसमोर मी विचारलं, “काय हो प्रेमलाताई, गयेला तुम्ही पण गेला होता ना? भाऊंनी साखर सोडली. मग तुम्ही कोणती लाडकी वस्तू सोडली?”

प्रेमलाताईंनी पत्राची घडी केली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, “चूप बसणं. लय आवडे मले ते.”